परकराची नाडी आणि तीनशे पंधराची रायफल

दुकानात नवा माणूस शिरला की आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्या मागच्या भिंतीवर साखळीत अडकवलेल्या बंदुकांकडे, आणि पुन्हा माझ्याकडे बघून विचारायचा, "शेठ कुठं हायेत?"

"मीच शेठ," मी म्हणायची. "बोला."

मग त्याची जी पंचाईत व्हायची ती बघण्यासारखी असायची. एकजण तर "येतो मंग" म्हणून काढता पाय घेऊन गेला आणि चौकातून एक चक्कर मारून निमूट परत आला. करतो काय? जवळपास दुसरं दुकानच नव्हतं.

परळी वैजनाथला आमचं बंदुकांचं दुकान होतं. 'होतं' म्हणायची सवय अजून लागायची आहे, कारण शटर यंदाच्या पाडव्याला खाली ओढलं. आम्ही वाणी. वाण्यानं गूळ विकावा, शेंगदाणे विकावेत. माझ्या सासऱ्यांनी भरभराटीचा किराणा मोडून हा धंदा कुठून डोक्यात घेतला याच्या आमच्या घरात तीन हकिकती सांगतात आणि त्यातली एकही खरी नसावी. त्यांच्यानंतर आमच्या ह्यांनी दुकान चालवलं. हे अचानक गेले, तेव्हा सगळे नातेवाईक म्हणाले, बाई, आता मोड हे. पण मला तो लोखंडाचा आणि तेलाचा वास सोडवेना. ह्यांच्या सदऱ्याला तोच वास यायचा.

दुकानाचा परवानाही माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की परवाना गेला, वारसानं नव्यानं मागायचा. कलेक्टर कचेरीतल्या साहेबांनी मला समोर बसवून विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटणार?"

"वाटते ना साहेब," मी म्हटलं. "म्हणून तर नीट चालवीन."

ते हसले आणि पुढं काही विचारलं नाही. त्या साहेबांचे उपकार मी विसरले नाही. आमचे मिस्त्री हमीदभाई यांचे तर सात जन्मात फिटायचे नाहीत. बंदूक खोलणं, साफ करणं, जोडणं हे त्यांचं काम. परवाना माझ्या नावावर झाला त्याच दिवशी ते दुकानात आले, आपल्या बाकड्यावर बसले, कानस हातात घेतली आणि म्हणाले, "अक्का, चाय बोलो. काम पडेला है." बस्स. दुकान सुरू झालं.

लोकांना वाटतं, बंदुकांचं दुकान म्हणजे रोज विक्री, रोज धामधूम. कसलं काय! महिना महिना एक हत्यार जायचं नाही. पोट चालायचं ते वरच्या सामानावर. खांद्याला अडकवायचा पट्टा, नळी पुसायचा गज, तेलाची बाटली, दस्त्याला लावायचं रबर, दुर्बीण आणि गवसणी. गवसणी म्हणजे खोळ. वीणेला असते ना, तशी बंदुकीची.

सामान निवडायला आलेला माणूस बघून मला कळायचं, हा बंदूक कशासाठी बाळगतो. ज्याला खरंच नेमबाजी करायची तो पट्ट्याची लांबी खांद्यावर मोजून बघायचा, रबर दाबून बघायचा, गजाला पितळी टोक आहे का विचारायचा, कारण लोखंडी टोकानं नळीला आतून चरे पडतात. ज्याला मिरवायचं असतं तो पहिल्यांदा विचारणार, "चकाकणारं काय हाय?" असल्याला मी सरळ बाजारातलं भांड्यांचं दुकान दाखवायची.

दुर्बिणीचं तर विचारूच नका. शिकार बंद होऊन जमाना झाला. हरणाकडं नुसती नळी वळवली तरी जेलची हवा खावी लागते. रानडुकरानं शेताचा सत्यानाश केला तरी जंगलखात्याला विचारल्याशिवाय बार काढता येत नाही. तरी प्रत्येकाला रायफलीवर ही एवढी दुर्बीण पाहिजे. मी विचारायची, "दादा, ह्यातून बघणार काय? शेजाऱ्याचं वावर?" निम्मे लाजायचे. उरलेल्या निम्म्यांना खरंच शेजाऱ्याचं वावर बघायचं असायचं.

एक सोन्याच्या साखळ्यांवाला गडी आला होता. मोबाइलमधे काहीतरी दाखवून म्हणाला, "मावशी, ही आवाज दाबायची नळी हाय का? लई भारी दिसती." मी म्हटलं, बाबा, पट्टा घे, रबर घे, काय घ्यायचं ते घे. पण आवाज दाबायची नळी हे कायद्याच्या हिशोबात सामान नाहीच, ते हत्यारच धरतात. ती नुसती जवळ सापडली तरी तुझ्या हातात वेगळ्याच साखळ्या पडतील. मग तो हमीदभाईंकडं वळला. नळी थोडी आखूड करून द्या, गाडीत नीट बसत नाही म्हणाला. हमीदभाईंनी चष्मा कपाळावर सारला. "नली काटने को बोलता? पैले मेरा हात काट, फिर नली काट." गडी गेला. त्याच्याकडून फुटकी कवडी मिळाली नाही आणि त्या रात्री मला झोप फार छान लागली.

कायद्याची बाराखडी मी प्रत्येकाला एकदा म्हणून दाखवायची, त्यानं जांभया दिल्या तरी. परवाना माणसाचा असतो, घराचा नव्हे. तुमच्या भावानं, पोरानं, अगदी बायकोनंसुद्धा तुमचं हत्यार वापरायचं नाही. पूर्वी एका माणसाला तीन ठेवता यायची, आता दोनच. घेतलेलं हत्यार मुदतीत दाखवून परवान्यावर नंबर चढवून घ्यायचा. काडतुसं ठरवून दिली तेवढीच. लग्नात, वरातीत, निवडून आल्यावर हवेत बार काढायचा नाही. वर गेलेली गोळी वर राहत नाही, ती कुणाच्या तरी अंगणात उतरते. आणि बाहेर नेताना हत्यार रिकामं आणि झाकलेलं पाहिजे.

इथं माणूस जागा व्हायचा. "झाकलेलं? मंग घ्यायचं कावून?"

खरं दुखणं हे. आमच्या जिल्ह्यात बंदूक दागिना झाली. दागिना झाकून कोण ठेवतो? हल्ली आमच्या जिल्ह्याचं नाव बंदुकांपायी पेपरात येतं आणि आपली मान आपोआप खाली जाते. आपण ह्याच धंद्यात पोट भरलं, हे तेव्हा टोचतं. टोचायलाच पाहिजे. मधे परवान्यांची झाडाझडती झाली, कितीतरी रद्द झाले. माझं गिऱ्हाईक गेलं आणि मी वैजनाथाला बेल वाहून आले.

तर झाकायचं नाही म्हणणाऱ्या माणसाला गवसणी विकायची कशी? कायद्याचं नाव काढलं की आमचा माणूस उलटा चालतो. "कायदा आमाला शिकवू नका," हे ठरलेलं. मग मला राख सापडली.

परळीत राहणाऱ्याला राख सांगायला नको. कपाळावर असते ती देवाची आणि गच्चीवर पडते ती थर्मलची, म्हणजे वीजकेंद्राच्या कोळशाची. कितीही झाडा, बोट फिरवलं की बोट करडं. ही बारीक राख बंदुकीत जाते, तेलात बसते, तेलाचा चिखल होतो आणि घोडा अडकायला लागतो. मी गिऱ्हाइकाला त्याच्याच बंदुकीवरून बोट फिरवून दाखवायची. "हे बघा. एवढ्या महागाची वस्तू, राखेनं खाल्ली." कायद्याला न भिणारा गडी राखेला भ्यायचा आणि गवसणी घ्यायचा. राखेचे माझ्यावर फार उपकार आहेत, ते पुढं येईलच.

पहिल्यांदा आम्ही बाहेरून तयार गवसण्या आणायचो. त्यांना चेन असायची. पण राख चेनीच्या दातात जाऊन बसायची आणि चेन मधेच रुसायची. ना पुढं ना मागं. हमीदभाईंना दिवसाकाठी दोन चेनी सोडवाव्या लागायच्या. एक दिवस ते वैतागले. "अक्का, मैं बंदूक का मिस्त्री हूं या टेलर?"

मग मीच जाड कापड आणलं, आतून मऊ अस्तर लावलं, शिलाई मशीनवर गवसण्या शिवल्या आणि चेनीऐवजी तोंडाशी नेफा काढून सुती नाडी ओवली. नेफा आणि नाडी शिवायला कुठल्या बाईला शिकवावं लागतं? राख नाडीचं काही वाकडं करू शकत नाही.

पण गिऱ्हाइकांनी जो दंगा केला! बंदुकीला नाडी म्हणजे त्यांच्या मिशीला कात्रीच लागल्यासारखं झालं. आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज होता दादारावांचा.

दादाराव चकलांब्याचे. चकलांबा गेवराई तालुक्यात, म्हणजे आमच्यापासून जिल्ह्याचं पार दुसरं टोक. एवढ्या लांबून ते येण्याचं कारण त्यांची बायको कौसल्याबाई. तिचं माहेर परळीचं. माहेरी आली होती, वैजनाथाचं दर्शन झालं आणि नवरा म्हणाला, चल, रायफल घेऊन टाकू. जशी काही बांगड्या भरायला निघालीत माणसं! दादाराव बागायतदार, ऊसवाले, गावात वजन. वजनदार माणसाकडं हत्यार पाहिजे असं कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं होतं आणि परवानाही मिळाला होता. कागद सगळे चोख. मी दोनदा तपासले.

त्यांनी तीनशे पंधराची रायफल घेतली. नळीच्या मापावरून नुसती तीनशे पंधरा म्हणायची आमच्यात पद्धत, लाकडी दस्त्याची, जड, साधी रायफल. मग सामानाकडं वळले. पट्टा घेतला. दुर्बीण मी घेऊ दिली नाही. शेवटी मी गवसणी पुढं ठेवली.

"हे काय?"

"गवसणी."

"चेन कुठाय?"

"चेन नाही. नाडी आहे."

दादारावांनी ती दोन बोटांत धरून वर उचलली, नाडी लोंबत राहिली. "अक्का, मर्दाची वस्तू हाय ही. तिला परकराची नाडी लावता व्हय?"

हमीदभाई खाली बघून खोकले. मागं बाकावर बसलेल्या कौसल्याबाईनं पदर तोंडाला लावला. मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं.

"दादाराव," मी म्हटलं, "परकराच्या नाडीवर सगळ्या बायकांची अब्रू उभी आहे. तुमच्या रायफलीची नाही राहायची का? आणि परत जाताना मांजरसुंब्याला चहाला थांबणार ना? ढाब्यावर ट्रकवाले, येष्टीवाले, पन्नास डोळे असतात आणि फाट्यावर पोलीस असतात. उघडी रायफल घेऊन उतरलात तर चहा ठाण्यात प्यावा लागेल."

"बरं, मंग हिला एक खिसा तरी लावून द्या. काडतुसं ठेवायला."

"नाही. काडतुसं वेगळ्या कपाटात. किल्ली वेगळी. एकत्र ठेवायची नाहीत."

"लईच हाय बुवा तुमचं," म्हणत ते हमीदभाईंबरोबर मागं गेले. रायफल कशी उघडायची, कशी पुसायची ते बघायला.

तेवढ्यात कौसल्याबाई उठून गल्ल्याशी आली. माझ्या माहेरच्या गल्लीतलीच असल्यासारखी बोलायला लागली. "अक्का, मला ही वस्तू घरात नको व्हती."

"का गं?"

"ह्यांचा राग लई वंगाळ. येतो तवा माणूस दिसत न्हाई समोरचा. चुलतभाऊ हायेत शेजारी, अंकुशराव. दोघांचं शेतातल्या रस्त्यावरून वाजतंय. आजवर दगडाधोंड्यावर निभावलं. आता ही..." ती रायफलीकडं बघायचं टाळत होती. "अंकुश भावजींना मीच न्हाऊ घातलंय वो. मी लग्न होऊन आलते तवा एवढंसं व्हतं ते पोरगं. त्यांच्या जिवाला काय झालं तर मला दोन्ही घरं मेली."

वस्तू विकून झाली होती. कागद चोख होते. नाही म्हणायला माझ्या हातात कायद्यानं काही नव्हतं. राग वाईट आहे असं परवान्यावर कुठं लिहिलेलं नसतं. मी त्या बाईकडं बघत राहिले आणि खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या धंद्याची शिसारी आली.

तिनंच विचारलं. गवसणीची नाडी बोटाला गुंडाळत म्हणाली, "अक्का, ही कुनी बांधली तरी चालती का? का तेला बी परवाना लागतो?"

"रायफलीला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "आत ती त्यांनीच घालायची, कपाटात त्यांनीच ठेवायची. पण तोंड तू बांधलंस तर कोण काय म्हणेल? गवसणी हत्यार नाही. नाडीला परवाना लागत नाही."

"सुरगाठ मारू का निरगाठ?"

सुरगाठ म्हणजे एक टोक ओढलं की सुटते ती. निरगाठ ओढाल तितकी आवळते. मी म्हटलं, "घाईच्या कामाला सुरगाठ बरी. तुमच्या घरात कशाची घाई आहे?"

तिनं नाडी सोडून दिली, पदर नीट केला आणि नवरा येताना दिसला तशी बाकावर जाऊन बसली. जाताना मात्र नवऱ्याच्या हातातून गवसणीचं तोंड घेऊन म्हणाली, "द्या, मी बांधते. तुमाला परकराची नाडी शोभायची न्हाई." दादारावांनी खुशीत दिलं.

त्यानंतर मला एक खोड लागली. सकाळी पेपर आला की आधी गेवराई तालुक्याची बातमी बघायची. चकलांबा हा शब्द दिसतो का. उसाच्या हंगामात तर जास्तच. हमीदभाई म्हणायचे, "अक्का, क्या ढूंढते रोज?" मी म्हणायची, "नाही सापडलं, ते बरं झालं."

निवडणूक लागली की हत्यारं जमा करावी लागतात, कुणी ठाण्यात करतं, कुणी आमच्याकडं. तेव्हा दुकान माहेरपणाला आलेल्या लेकींनी भरल्यासारखं व्हायचं. चकलांब्याची रायफल मात्र तिकडंच ठाण्यात जमा व्हायची. ती मला पुन्हा दिसली नाही, दुकान बंद करायचं ठरेपर्यंत.

दुकान बंद करणार, ज्यांची हत्यारं ठेवलीत त्यांनी घेऊन जा, असे निरोप मी धाडत होते, तेव्हा एक दिवस दुपारी जीप थांबली. दादाराव उतरले. मागून कौसल्याबाई. आणि तिसरा एक माणूस, चाळिशीचा, दादारावांसारखंच नाक, तसंच कपाळ. दादारावांच्या हातात माझी गवसणी होती. कापड विटलं होतं. ते "नमस्कार अक्का" म्हणाले आणि मी बघितलं, त्यांचा समोरचा एक दात अर्धा नव्हता.

"अहो, दात कुठं गेला?"

तिसरा माणूस हसायला लागला. दादारावांनी त्याच्याकडं डोळे वटारले आणि मग त्यांनाही हसू आवरेना. "सांग बे आंकुश, तूच सांग," ते म्हणाले.

अंकुश! माझ्या हातातली पावती खाली पडली. पेपरात ज्याचं नाव दिसू नये म्हणून मी रोज बघत होते, तो माणूस जिता-जागता माझ्यासमोर उभा राहून हसत होता.

"दादाच्या उसाचा टॅक्टर माझ्या कपाशीतून न्यायचा व्हता," अंकुशराव म्हणाला. "मी म्हनलं, न्हाई. उभी कपाशी हाय. दादा म्हनला, ऊस वाळतोय. मी टॅक्टरपुढं आडवा झालो. मंग दादा माझ्या बापावर गेला, मी दादाच्या बापावर गेलो."

"दोघांचे बाप सख्खे भाऊ," कौसल्याबाई म्हणाली.

"दादा म्हनला, थांब इथंच, हलू नगं. आन वस्तीकडं पळाला. सगळ्यास्नी कळलं कशाला गेला ते. डायवरनं टॅक्टर सोडून धूम ठोकली. ऊसतोडीच्या टोळीतली मानसं मला वडायला लागली, चला, चला. मी म्हनलं न्हाई. मारायचं तर मार."

दादाराव गवसणीकडं बघत होते. त्यांचा आवाज उतरला. "अक्का, मी काडतुसं आधी काडली. खिशात टाकली. तुमाला सांगतो, डोळ्यापुढं काय दिसत नव्हतं. मंग ही काडली कपाटातून. आन नाडी सुटंना. निरगाठ. बोटांनी वडली, आजूनच बसली. नखं मोडली. दगडावानी झालती गाठ."

"रस्त्याचं भांडान पेटलं तवापासनं नाडी भिजवून बांधली व्हती मी," कौसल्याबाई माझ्याकडं बघून म्हणाली. "सुती नाडी वाळली की गाठ हालत न्हाई."

हे मी तिला शिकवलं नव्हतं. हे तिचं तिचं.

"हिला म्हनलं, इळी दे," दादाराव म्हणाले. "ही वसरीत भाजी चिरत बसलेली. म्हनली, सापडत न्हाई."

"इळीवरच बसले व्हते," कौसल्याबाई म्हणाली. "मंजे, पाट माझ्या खाली, आन इळी लुगड्याखाली. हालले असते तर चिरले असते."

हमीदभाईंनी बाकड्यावरून "या अल्ला" म्हटलं.

"मंग दातानं वडली मी. सगळी ताकद लावून. आन खाडकन आवाज झाला. मला वाटलं गाठ सुटली. हातात बघतो तर दात." दादाराव थांबले. "रगत याया लागलं. भळाभळा. मी वसरीत बसलो. एकदम दम गेला, अक्का. राग कुठं गेला कळलंच न्हाई. मांडीवर रायफल, हातात दात. मला रडूच आलं."

"मी वाट बघून बघून शेवटी त्येंच्याच वस्तीवर गेलो," अंकुशराव म्हणाला. "म्हनलं हा यिना, आपनच जाऊ. दारात जाऊन छाती फुगवून उभा राहिलो, मार म्हनायला. बघतो तर दादा पोरावानी रडतोय, तोंड रगतानं भरलेलं. मी इचारलं, दादा, कोन मारलं तुला?" तो पुन्हा हसायला लागला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. "मंग गाडीवर बसवलं आन गेवराईला दाताच्या डाक्टरकडं न्हेलं. माझ्या पाठीला तोंड टेकून बसलता सगळी वाट. सदरा लाल झाला माझा. ऊस दुसऱ्या दिवशी माझ्याच कपाशीतून गेला."

मला एवढंच वाटत होतं की देवा वैजनाथा, राख दिलीस, राखेनं चेन बिघडवलीस, चेन बिघडली म्हणून नाडी आली, आणि त्या नाडीनं हा माणूस इथं उभा आहे. कशाकशाचे उपकार मानू?

दादाराव म्हणाले, "परवाना परत करायचा हाय. तवर ही तुमच्याकडं जमा करून घ्या. त्या दिसापासनं उघडली न्हाई."

"उघडलीच नाही?" हमीदभाई भडकले. "पावसाळे निकल गये! अंदर जंग चढा होगा!" त्यांना माणूस वाचल्याचा आनंद होताच, पण गंजाचं दुःखही कमी नव्हतं. गवसणीत कोंडून ठेवलेल्या बंदुकीला ओल धरते, महिन्यातून एकदा तरी काढून पुसावी लागते, हे ते प्रत्येकाला ओरडून सांगायचे.

शटर ओढायला अजून अवकाश होता, त्यांचा परवाना परत होईतोवर ठेवून घेता येत होती, पण जमा करून घ्यायची तर उघडावीच लागणार होती. हत्यार रिकामं आहे का बघायचं, त्याचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी ताडायचा, मगच पावती. हमीदभाईंनी गाठ बघितली. तिच्यावर दातांच्या खुणा होत्या. त्यांनी कात्री उचलली.

"थांबा भाई," कौसल्याबाई म्हणाली. "चांगली नाडी कावून कापता?"

तिनं अंबाड्यातला आकडा काढला, त्याचं टोक गाठीच्या पोटात घातलं, अंगठ्यानं दाबलं, एक फेर सैल केला, आणि बोलता बोलता गाठ सुटली. गवसणीचं तोंड उघडं पडलं.

दादाराव बघतच राहिले. मग हळू म्हणाले, "तुला सोडता येत व्हती?"

"मीच बांधली व्हती की."

"मंग त्या दिशी कावून न्हाई सोडलीस?"

"तुमी सोड म्हनलाच न्हाई," ती म्हणाली. "इळी दे म्हनला."

अंकुशराव दोन पावलं पुढं आला आणि भर दुकानात वाकून त्यानं वहिनीच्या पायावर डोकं ठेवलं. ती "उठा भावजी, उठा" म्हणत राहिली, पण तो उठेना. दादाराव तोंड फिरवून भिंतीकडं बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी काही लपवत नाही, मीही रडले. इतकी वर्षं या धंद्यात काढून शेवटी मला जे मिळालं ते हे, आणि माझं समाधान आहे.

हमीदभाईंनी रायफल तपासली, गंज बघून कपाळाला हात लावला. मी नंबर ताडला, पावती लिहिली. दादारावांनी काडतुसंही मोजून दिली. गवसणी त्यांनी रायफलीबरोबर राहू दिली, नाडी मात्र कौसल्याबाईच्या हातातच होती. मी म्हटलं, "ती नाडी मला दे गं. आठवण म्हणून ठेवते."

तिनं ती घडी करून कनवटीला खोचली.

"न्हाई अक्का," ती म्हणाली. "आता ही परकरालाच घालते."

आणि दादाराव अर्धा दात नसलेलं तोंड उघडून असे हसले की रस्त्यावरचा माणूस वळून बघायला लागला.